ऑनलाइन थेरपी सर्व्हिस, डिप्रेशनसाठी घेतली होती, रिव्ह्यू

मेजर डिप्रेशनचं निदान झाल्यावर व्हिडिओ कॉलवाली थेरपी घेतली, कारण तेव्हा अंघोळ करून बाहेर पडणं म्हणजेच डोंगर वाटायचा. नाव देत नाहीये.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे अधूनमधून पीएचक्यू-९ (डिप्रेशन किती आहे ते मोजायचा फॉर्म) भरून घेतात, ९ प्रश्न, स्कोअर ० ते २७, आणि थेरपिस्ट तो आकडा घेऊन खरंच बोलते, की झोप सुधारलीये पण कशातच रस नाही ते तसंच आहे, मग त्यावर काम. सीबीटी आहे (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी), होमवर्क असतो, मूड यायची वाट न बघता छोटंसं काहीतरी करायचं आणि लिहून ठेवायचं, जाम बालिश वाटतं (खोटं कशाला बोलू) पण चालतंय.

सायकियाट्रिस्ट वेगळे. त्यांनी गोळीआधी थायरॉइडची टेस्ट करायला लावली, हे बेस्ट, कारण थायरॉइड कमी असलं तरी असंच गळून जायला होतं. एसएसआरआय (डिप्रेशनच्या गोळ्यांचा एक प्रकार, मला तीच दिली) लगेच लागू पडत नाही, फरक जाणवायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तच, मळमळ मात्र सुरुवातीलाच, हे आधी सांगितलं म्हणून टिकले. बरं वाटलं तरी निदान ६ महिने चालू ठेवायची, मनाने बंद नाही.

वैताग एकच, चॅट सपोर्ट. कॉपी-पेस्ट उत्तरं, "पॉझिटिव्ह राहा" टाइप, अहो तेच जमत नाही म्हणून तर आलेय ना! आणि आत्महत्येचे विचार येत असतील तर ही सर्व्हिस त्यासाठी नाही, तसं ते स्वतःच लिहितात, इमर्जन्सी हेल्पलाइन आणि जवळचं माणूस हाताशी ठेवा. थेरपिस्ट बदलून मिळते, कारण विचारत नाहीत. ४ स्टार.