प्रोबायोटिक कॅप्सूल आणि इसब : सहा महिन्यांच्या वापरानंतर

लॅक्टोबॅसिलस ऱ्हामनोसस जीजी हा प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी म्हणून घेतला जाणारा) जंतू, रोज एक कॅप्सूल, 1000 कोटी सीएफयू (म्हणजे तेवढे जिवंत जंतू). तक्रार कोपर आणि गुडघ्यांच्या लवणीतल्या इसबाची, जोडीला जुनी बद्धकोष्ठता. निकाल आधीच सांगायचा तर तिसऱ्या आठवड्यात पोट सुधारलं, पण इसबावर कॅप्सूलचा म्हणावा असा परिणाम सहा महिन्यांत दिसला नाही.

यात नवल नाही. 2018 साली कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था) 39 चाचण्या तपासल्या, तेव्हा आधीच झालेल्या इसबाची लक्षणं प्रोबायोटिकने फारशी हलत नाहीत असंच दिसलं. मग एवढा बोलबाला कशाचा? 2001 मध्ये फिनलंडची एक चाचणी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या गरोदर बायकांना बाळंतपणाच्या आधी काही आठवडे हाच जीजी दिला आणि जन्मानंतरही सहा महिने तो चालू ठेवला. दोन वर्षांच्या वयात जंतू नसलेल्या, नुसत्या दिखाऊ कॅप्सूलच्या गटात 46 टक्के मुलांना इसब होता, जीजीच्या गटात 23 टक्के. पण ही गोष्ट इसब टाळण्याची आहे, बरा करण्याची नाही. शिवाय 2008 च्या जर्मन चाचणीत तोही फरक दिसला नाही. विक्रेते नेमकं हेच गाळतात आणि लोकांचे पैसे जातात, याची चीड येते.

तरीही घेऊन बघायचं असेल तर लेबल नीट वाचा. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेलं पुरत नाही, पुढे ‘जीजी’सारखी नेमक्या वाणाची खूण हवी. सीएफयूचा आकडा एक्सपायरीपर्यंतचा आहे की बनवतानाचा, हेही बघा. बनवतानाचा असेल तर मे महिन्यात दुकानात तापलेल्या डबीत त्यातले किती उरले असतील, कोण सांगणार? डबीवर तसं लिहिलं असेल तर ती फ्रिजमध्ये ठेवा, पण दारात नको. दार सतत उघडतं आणि तिथलं तापमान वरखाली होतं.

कॅप्सूल फोडून गरम वरणात घातली की जंतू मेलेच. कढीचंही तसंच आहे. दही-ताकातले जंतू हवे असतील तर ते उकळायचं नाही. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. पहिल्या आठवड्यात पोट फुगतं, गॅस होतो. तेव्हा आठवडाभर दिवसाआड घेतली की बहुधा निभतं. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये.

मुरुमांसाठी म्हणून गोड प्रोबायोटिक पेयं पिणाऱ्यांनी बाटलीवरची साखर आधी बघावी. रक्तातली साखर झपाट्याने चढवणाऱ्या आहाराचा मुरुमांशी संबंध चाचण्यांत दिसलेला आहे. गजकर्ण तर बुरशीचा आजार, त्याला कॅप्सूलचा काहीही उपयोग नाही.

फरक कळायचा तर बारा आठवडे बाकी काही बदलू नका. साबण, मलम, जेवण तेच ठेवा आणि दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा. इथे फोटो शेजारी ठेवल्यावर खरी सुधारणा दिसली ती चौथ्या महिन्यानंतरची, आणि तेव्हा बदललं होतं मलम लावण्याचं तंत्र. आंघोळ कोमट पाण्याने, अंग टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. कातडी ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर भरपूर लावायचं. डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, हाताच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. बहुतेकजण घाबरून त्याच्या चौथाईच लावतात आणि मग मलम लागू पडत नाही म्हणतात.

कॅप्सूल थांबवल्यावर दोन आठवड्यांत बद्धकोष्ठता परतली. हे जंतू आतड्यात कायमचं घर करत नाहीत. आता ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी आणि रात्री एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात, एवढ्यावर पोट नीट चालतं. कॅप्सूल पुन्हा आणलेली नाही.