कळमन्याची यादी आणि तीन कमांड: सीएमपी, डिफ, कॉम

नागपूरच्या कळमना मार्केटातल्या एका संत्रा अडतीचं कॉम्प्युटरचं काम मी बर्डीतल्या माझ्या छोट्या ऑफिसातून बघते. काटोल, नरखेड, वरूडकडच्या शेतकऱ्यांची यादी रोज रात्री सीएसव्ही फाइलमध्ये येते. कालच्या यादीत काही बदल असेल तरच नवी चढवायची, एवढंच माझ्या शेल स्क्रिप्टचं, म्हणजे कमांड ओळीने चालवणाऱ्या फाइलचं, काम. 'बदललं का?' या एका प्रश्नासाठी दोन फाइल्सची तुलना करणाऱ्या सीएमपी, डिफ आणि कॉम या तिन्ही कमांड माझ्या वापरून झाल्या आहेत. पैसे लागत नाहीत आणि उबुंटू लिनक्सवर त्या आधीपासून असतातच.

सुरुवात डिफपासून केली. १९७०च्या दशकात बेल लॅब्समध्ये डग्लस मॅकइलरॉय आणि जेम्स हंट यांनी याचा पाया घातला: दोन फाइल्समध्ये त्याच क्रमाने येणाऱ्या जास्तीत जास्त ओळी शोधायच्या आणि उरल्या त्या फरक म्हणून दाखवायच्या. आपल्याला डोळ्यांनी वाचायचं असेल तर याला तोड नाही. मायनस यू दिलं की बदललेल्या ओळीच्या वर-खाली तीन-तीन ओळी दिसतात आणि कुणाचं गाव बदललं, कुणाचा खाते क्रमांक, ते चटकन कळतं.

पण रात्री साडेतीनला वाचायला कोण बसलंय? स्क्रिप्टला हो किंवा नाही हवं असतं, आणि तिथे माझं मत ठाम आहे: सीएमपी, मायनस एस लावून. ते बाइटला बाइट लावून बघतं, पहिला फरक दिसला की थांबतं, स्क्रीनवर काही छापत नाही. दोन्ही साध्या फाइल्स असून आकारच वेगळा असेल तर लिनक्सवर येणारं ग्नूचं सीएमपी आतलं न वाचताच उत्तर देतं. एकाच मशीनवरच्या दोन फाइल्ससाठी एमडी५ चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला छोटा ठसा, काढत बसणारे बरेच दिसतात. त्यात दोन्ही फाइल्स शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. चेकसम हवा तो फाइल्स दोन वेगळ्या मशीनवर असतील तेव्हा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट. सीएमपी आणि डिफ, दोघांची स्क्रिप्टला कोड म्हणून मिळणारी उत्तरं तीन आहेत: ० म्हणजे सारखं, १ म्हणजे वेगळं, २ म्हणजे तुलनाच झाली नाही. मी साधा इफ लिहिला होता, शून्य नसेल तर 'बदललं'. एका रात्री नवी यादी ज्या डिस्कवर येते ती माउंटच झाली नाही, म्हणजे मशीनला जोडलीच गेली नाही. सीएमपीने इमानदारीने २ दिला. माझ्या स्क्रिप्टने तो 'बदललं' समजून जुनी यादी आर्काइव्हमध्ये हलवली आणि नवी आणायला गेली, ती जागेवर नव्हती. सकाळी अडतीवरून फोन: "काहून ताई, आज यादीच नाही दिसून राहिली?" बाहेर गाड्या लागलेल्या आणि पट्टी कुणाच्या नावाने फाडायची ते कळेना. तेव्हापासून हा उत्तराचा कोड व्हेरिएबलमध्ये घेऊन केस लावते, म्हणजे तिन्ही उत्तरांना वेगळी वाट देते; २ आला की कशालाच हात लावायचा नाही. सेट मायनस ई (कमांडने शून्य सोडून काही दिलं की स्क्रिप्ट थांबवणारी सेटिंग) वापरत असाल तर आणखी जपा: इफमध्ये किंवा 'ऑर'च्या दोन उभ्या रेघांच्या आधी नसलेल्या सीएमपीने १ दिला की स्क्रिप्ट तिथेच संपते.

मराठी डेटा असणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. एकदा डिफने मला वजा आणि अधिकच्या खुणेने दोन ओळी दाखवल्या, दोन्हींत 'दुसऱ्या तोड्याचा माल'. अक्षर न् अक्षर सारखं. जागेचा फरक सोडून देणारं मायनस डब्ल्यू लावलं, तरी तेच. सीएमपीने पहिल्या वेगळ्या बाइटचा नंबर दिला, तिथे हेक्समध्ये, म्हणजे बाइटचे आकडे दिसतील असं, उघडून पाहिलं, तर एकीत बी१ आणि दुसरीत बी०. एका टायपिस्टच्या कीबोर्डवरून ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त येत होता, यूटीएफ-८मध्ये ६ बाइट. दुसऱ्याकडून साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, ९ बाइट. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची पद्धत) या दोघांना एक करत नाही. म्हणून मी तुलनेआधी सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने एकच रूप करून घेते. विंडोजवरून आलेल्या ओळींच्या शेवटची कॅरेज रिटर्न ही न दिसणारी खूणही तिथेच काढते. त्यासाठी डिफमध्ये ऑप्शन आहे, सीएमपीमध्ये नाही.

कॉम सगळ्यात कमी लोक वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मायनस १३ दिलं की फक्त दुसऱ्या फाइलमध्ये असलेल्या ओळी मिळतात, म्हणजे नवे शेतकरी थेट हातात. दोन्ही फाइल्स आधी सॉर्ट हव्यात, आणि सॉर्ट व कॉम दोघांचं लोकेल (कोणत्या भाषेचा क्रम धरायचा ती सेटिंग) एकच हवं, नाहीतर 'क्रम बरोबर नाही' म्हणून अडतं. मी स्क्रिप्टच्या वरच लोकेल ठरवणाऱ्या एलसी ऑलला सी देऊन टाकते. त्या क्रमाने सगळी नावं बाराखडीप्रमाणे लागतीलच असं नाही, पण तुलनेला त्याचं काही अडत नाही. अंबिया बहारात रोज नवी नावं येतात. ती चार-दोन नावं वेगळी काढून सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवली की अडतीवरचे काका स्वतः फोन करून प्रत्येकाचं गाव विचारून घेतात.