महापालिकेच्या सभेत नागरिकांना बोलायची सोय: जाऊन आलो, अनुभव सांगतो

शाळेसमोरच्या चौकात ना झेब्रा पट्टे ना सिग्नल, ऑनलाइन तक्रारी टाकून टाकून दमलो आणि शेवटी थेट सभेतच जाऊन बोलायचं ठरवलं. अशी सोय असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं म्हणून लिहितोय. पाचपैकी तीन स्टार.

नाव नोंदवायला काहीच त्रास नाही, सभेच्या आधी दाराशी एक चिठ्ठी भरायची, नाव, विषय आणि विषयपत्रिकेवरचा असेल तर त्याचा नंबर. टेबलावर बसलेल्या मॅडमनीच शोधून दिलं की त्या दिवशी रस्त्यांच्या कामांची यादी मंजुरीला आहे आणि माझा चौक त्यातच बसतो. मला एकट्याला ते बाड उलगडून हे कधीच सापडलं नसतं, त्यांचे मनापासून आभार.

बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. घरी मोबाईलवर वेळ लावून वाचलं तर माझं निवेदन साडेचार मिनिटांचं भरलं, मग बसून कापलं. आधी वाटलं होतं तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण तीस जणांनी नाव दिलं तर नुसता बोलण्यातच दीड तास जातो हे तिथे बसल्यावर कळलं, त्यामुळे वेळेची माझी तक्रार नाही.

माझी खरी तक्रार क्रमाबद्दल आहे. आमच्याकडे नागरिकांना बोलायला देतात ते सगळ्यात शेवटी, म्हणजे रस्त्यांची यादी मंजूर होऊन गेली, हात वर झाले, पुढचे चार विषय पण झाले, आणि मग मला माईकवर बोलावलं. मी काय बोलणार, की जी यादी तुम्ही दोन तासांपूर्वी पास केली त्यात हा चौक घाला? तरी बोललो, पोरं सकाळी कशी रस्ता ओलांडतात ते सगळं सांगितलं, पण आवाज चढला माझा, राहवलंच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राऊन अॅक्ट नावाचा कायदा आहे, त्यात नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि विषयपत्रिकेवरच्या विषयावर लोकांना निर्णयाच्या आधी किंवा चर्चा चालू असतानाच बोलू द्यावं लागतं. एवढी एक गोष्ट सगळीकडे झाली तरी केवढा फरक पडेल. एक पूर्ण स्टार यासाठीच कापला.

माझ्याआधी एक काका होते, पाऊस झाला की गटाराचं पाणी त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात शिरतं, बोलता बोलता रडायला आले, आणि समोरून एक शब्द नाही. काकांना वाटलं आपला अपमान केला. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टीवर चर्चा किंवा निर्णय करायला बऱ्याच ठिकाणी बंदीच असते, कारण ज्या लोकांना तो विषय येणार हेच माहीत नव्हतं त्यांच्या पाठीमागे काही ठरू नये. नियम बरोबरच आहे हो, पण अध्यक्षांनी तेवढं सांगायचं ना, की आज उत्तर देता येत नाही, तुमचा विषय अमुक खात्याकडे पाठवतो. दहा सेकंद लागतात. शिवाय काका बोलत असताना दोन नगरसेवक मोबाईलमध्ये होते, ते बघून फार वाईट वाटलं.

माईकचा स्टँड पण खालीवर होत नाही. व्हीलचेअरवरच्या एका ताईंचा आवाज मागे पोचलाच नाही, शेवटी कोणीतरी माईक काढून हातात धरला. बसायची जागा, पाणी, आवाज, बाकी सगळं ठीक.

दुसरा स्टार कापला तो इतिवृत्तासाठी. तीन आठवड्यांनी बघितलं तर माझ्या तीन मिनिटांचं झालं होतं "नागरिकांनी वाहतुकीबाबत म्हणणे मांडले". चौकाचं नाव नाही, मागणी नाही. म्हणून जाणार असाल तर लेखी निवेदन घेऊनच जा, दोन प्रती, एकीवर पोच शिक्का घ्या, आणि पहिल्याच वाक्यात काय हवंय ते सांगा, हकीकत नंतर. मी हकीकतीने सुरुवात केली आणि मागणीपर्यंत पोचतो तोवर लाल दिवा लागला, ही चूक माझीच.

मग तीन स्टार तरी का, तर बाहेर पडताना रस्ते खात्याच्या एका इंजिनियरने थांबवलं आणि चौक नेमका कुठला ते विचारून वहीत लिहून घेतलं. एवढ्या ऑनलाइन तक्रारींवर असं माणूस समोर येऊन कधीच बोललं नव्हतं. पुढच्या सभेला आम्ही सहा पालक जातोय, आणि यावेळी चौकाचा विषय विषयपत्रिकेवर घ्या असं पत्र आधीच दिलंय.