किडनी बायोप्सीसाठी क्यूपाथ: मोजायला पक्कं, ओळखायला कच्चं

क्यूपाथ हे मायक्रोस्कोप स्लाइडच्या फोटोंवर मोजमाप करणारं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं, त्याचा सोर्सकोड खुला आहे आणि एकदा टाकलं की इंटरनेटशिवाय चालतं. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत ते जन्मलं, आता एडिनबर्गहून त्याची देखभाल होते. धुळे-जळगावकडच्या पीजी विद्यार्थ्यांनी थिसिससाठी ते बिनधास्त घ्यावं. रिपोर्टवर सही करायला मात्र नाही. ते संशोधनापुरतं आहे, असं बनवणारेच सांगतात.

स्लाइड स्कॅनर नसला तरी अडत नाही. मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याचे टिफ फोटो सरळ उघडतात, फक्त त्यांना माप नसतं. स्टेज मायक्रोमीटरचा (बारीक माप कोरलेल्या स्लाइडचा) फोटो त्याच ऑब्जेक्टिव्हवर काढा, एक पिक्सेल किती मायक्रॉनचा ते काढून इमेज टॅबमध्ये भरा. हे राहिलं तर 10एक्स आणि 40एक्सचे आकडे एकमेकांशी कधीच जुळणार नाहीत. पीएएस (किडनीसाठी वापरला जाणारा गुलाबी रंग) लावलेल्या स्लाइडला इमेज टाइप ‘ब्राइटफील्ड अदर’ द्या. एच अँड ई (हेमॅटॉक्सिलिन-इओसिन हा नेहमीचा रंग) निवडलं की गुलाबी रंग इओसिन समजून वेगळा काढला जातो.

ग्लोमेरुलस (रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ) शोधण्यासाठी पिक्सेल क्लासिफायर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला वर्ग देणारं साधन, वापरायचा: ग्लोमेरुलस, ट्यूब्युल (नलिका), इंटरस्टिशियम (त्यांच्यामधली ऊती) आणि रिकामी काच अशा चार वर्गांत थोडं थोडं रंगवा, रेझोल्यूशन मॉडरेट ठेवा, रँडम ट्रीज ही वर्गीकरणाची पद्धत निवडा. ग्लोमेरुलस साधारण 200 मायक्रॉनचा असतो, म्हणून 5,000 चौरस मायक्रॉनखालचे ठिपके गाळायला हरकत नाही. कडेला कापले गेलेले काही ग्लोमेरुलसही त्यात गाळले जातील. खरा घोटाळा पुढे आहे. हा क्लासिफायर जवळपासचा रंग आणि पोतच पाहतो, आकार त्याला कळत नाही. प्रॉक्सिमल ट्यूब्युलची ब्रश बॉर्डर (आतली केसाळ कड) पीएएसमध्ये गुलाबीच, म्हणून ट्यूब्युलही ग्लोमेरुलस म्हणून धरला जातो. उलट पूर्ण स्क्लेरोज झालेला (घट्ट होऊन निकामी), आक्रसलेला ग्लोमेरुलस हातातून निसटतो आणि स्क्लेरोसिसची टक्केवारी आहे त्यापेक्षा कमी दिसते. नेमका हाच आकडा तर डॉक्टरांना हवा असतो! त्यामुळे हे ग्लोमेरुलस हातानेच मार्क करावेत, किंवा यू-नेट (आकारही ओळखणारं एआय मॉडेल) पायथॉनमध्ये शिकवून त्याने काढलेल्या कडा जिओजेसन फाइलमधून क्यूपाथमध्ये आणाव्यात.

ट्रायक्रोमवर (कोलॅजेन निळा दाखवणाऱ्या रंगावर) फायब्रोसिस, म्हणजे साचलेला कोलॅजेन, मोजणं त्यामानाने सोपं: थ्रेशोल्ड (रंगाची किमान मर्यादा) लावला की निळं क्षेत्र मिळतं. आधी कॅप्सूल आणि मोठ्या रक्तवाहिन्यांभोवतीचा कोलॅजेन वगळा, नाहीतर निरोगी किडनीतही फायब्रोसिस निघेल.

आता आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात लोडशेडिंगमध्ये कटिंग रूमचा एसी बंद पडला की पॅराफिन ब्लॉक मऊ होतो. सेक्शन 2-3 मायक्रॉनचा हवा, तो जाड किंवा चुरगळलेला येतो. जाड सेक्शनवर पीएएस गडद चढतं, कॅपिलरी लूप एकमेकांत मिसळतात आणि जानेवारीच्या स्लाइडवर शिकलेला क्लासिफायर त्याला मेसँजियम (लूपमधली आधार-ऊती) वाढलंय म्हणतो. ब्लॉक बर्फावर ठेवा, छोट्या रिबन काढा, पुन्हा थंड करा. शिकवताना दोन्ही ऋतूंच्या स्लाइड घ्या.

ट्रेनिंग आणि टेस्टची वाटणी पेशंटनिहाय करा, टाइलनिहाय (इमेजच्या तुकड्यांनुसार) नको. एकाच पेशंटच्या टाइल दोन्हीकडे गेल्या की अचूकता उगाच फुगते. सीरियल सेक्शनमध्ये (एकाच ब्लॉकच्या लागोपाठच्या कापांत) तोच ग्लोमेरुलस पुन्हा पुन्हा दिसतो, मोजणीसाठी एकच लेव्हल धरा. 16 जीबी रॅम असू द्या, यूपीएस जोडा आणि प्रत्येक इमेजनंतर कंट्रोल-एस दाबा.