पोटगीचा आकडा ठरवताना: जिल्हा न्यायालयातील मध्यस्थी केंद्राचा अनुभव

मराठवाड्यातील एका जिल्हा न्यायालयाच्या आवारात मध्यस्थी केंद्र आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघे तिथे चार वेळा बसलो आणि घटस्फोटानंतर मी पत्नीला दरमहा किती पोटगी द्यायची हे तिथेच ठरले. या सेवेला शुल्क लागत नाही. तिथले बोलणे गोपनीय असते. पुढे लिहिलेला भाग मी तिला विचारूनच लिहीत आहे.

त्याआधी मी एका वकिलांकडे गेलो होतो. नावावरची दोन एकर कोरडवाहू जमीन भावाच्या नावे करून टाका, शिकवणीचे उत्पन्न दाखवू नका आणि ‘बाई डी.एड. आहे, कमवून खाईल’ एवढाच मुद्दा धरून ठेवा, असा त्यांचा सल्ला होता आणि सांगायला वाईट वाटते, पण तेव्हा तो मला पटला होता. केंद्रातील मध्यस्थ बाई स्वतः ज्येष्ठ वकील आहेत. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालानंतर पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि त्यात खोटे लिहिले तर कारवाई ओढवू शकते, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत शांतपणे सांगितले. सातबारा, पगारपत्रक, पतसंस्थेचे कर्ज हे सारे त्या कागदावर येते.

डी.एड.च्या मुद्द्यावर मात्र मी बराच वेळ अडून बसलो. कमावण्याची पात्रता असणे आणि प्रत्यक्षात कमावत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले असल्याचे त्यांनी समजावले. पण मला पटले ते त्यांच्या पुढच्या प्रश्नांमुळे. पत्नीची पदविका २००६ सालची. त्यानंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य झाली आणि ती तिने दिलेली नाही. का दिली नाही, असे त्यांनी मला विचारले. माझ्या आईला अर्धांगवायू झाला, त्या तीन वर्षांत आईचे सगळे तिनेच केले, हे मला माझ्याच तोंडाने सांगावे लागले. मग घरखर्चाचा कागद निघाला. सिलिंडर किती दिवस जातो, असे त्यांनी विचारले आणि मला सांगता आले नाही. पत्नी म्हणाली, “चाळीस दिवस. महालक्ष्म्यांच्या महिन्यात तीस.” चौदा वर्षे त्या घरात राहून मला हे ठाऊक नव्हते.

माझा हातात येणारा पगार ४२,००० रुपये. मी ६,००० म्हणत होतो, ती १५,०००. पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मधील एका निकालात योग्य मानली होती. मात्र तो सरसकट नियम नव्हे, गरज, ऐपत आणि आधीचे राहणीमान पाहावे लागते, हे मध्यस्थांनी दोघांनाही सांगितले. शेवटी ११,००० वर आम्ही थांबलो, दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढ धरून. मुलीच्या शिक्षणाचा खर्च वेगळा. पुढे परिस्थिती बदलली, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ नुसार न्यायालयाकडे रक्कम बदलून मागता येते, हेही तडजोडीत नमूद केले. हा आकडा मला जड जातो, पण तो कुणी माझ्यावर लादला असे मला वाटत नाही.

व्यवस्थेत उणिवा आहेत आणि त्या सुधारल्याच पाहिजेत. दोनदा बैठक रद्द झाल्याचे आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळले. तालुक्याहून एसटीने दीड तास येणाऱ्या बाईला आदल्या दिवशी एक फोन करणे अवघड नव्हते. बसायला एकच बाक होते, त्यामुळे एकमेकांशी बोलायचे नसलेल्या दोन माणसांना तास-दीड तास शेजारी बसावे लागे. तिचा भाऊ तेवढा वेळ उन्हात उभा राही. पाण्याची सोय नव्हती.

जाणार असाल, तर सहा महिन्यांची पगारपत्रके, बँकेचे उतारे आणि सातबारा सोबत न्या आणि तडजोडपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा. आमच्या मसुद्यात पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे हेच टंकायचे राहिले होते. मी पाच तारीख म्हणालो. अनुदानित शाळेचा पगार लांबतो हे तिला माहीत असल्यामुळे दहा तारीख तिनेच सुचवली आणि तीच पेनाने लिहून आम्ही दोघांनी शेजारी सह्या केल्या.