पिक्चर भाड्याने की महिन्याचं सबस्क्रिप्शन? आठ महिने वही ठेवली, हिशोब असा निघाला

आधीच सांगते, कुठल्या एका ॲपचं कौतुक किंवा निंदा करायला हे लिहीत नाहीये. आठ महिने घरात पिक्चर बघण्यावर जे पैसे गेले ते सगळे एका वहीत लिहीत गेले. नवरा पहिले पंधरा दिवस हसला, नंतर तोच विचारायला लागला की आजचं लिहिलंस का. पहिले चार महिने जसं आधीपासून चालू होतं तसंच, म्हणजे दोन ओटीटींची वर्गणी दर महिन्याला कार्डावरून आपोआप जाते तशी जाऊ दिली. पुढचे चार महिने दोन्ही बंद आणि जो पिक्चर बघायचा तेवढाच भाड्याने. घरात आम्ही दोघं, चिरंजीव वय वर्षं आठ, आणि सासरे, ज्यांना सगळे बाबा म्हणतात.

रकमा मुद्दाम देत नाही कारण भाव प्रत्येक देशात वेगळे आणि वर ते सारखे बदलतात. त्यापेक्षा एक माप धरलंय: जुन्या साध्या पिक्चरचं एचडीतलं भाडं म्हणजे १. आमच्या दोन्ही वर्गण्या मिळून महिन्याला ४ भाडी व्हायची. म्हणजे चार महिन्यांचे १६. तुम्ही तुमच्या भावाने हाच हिशोब करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

ज्यांनी कधी भाड्याने घेतलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲपल टीव्ही, यूट्यूब, ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ यांच्याकडे सुटा पिक्चर भाड्याने मिळतो. प्राइमची मेंबरशिप असली तरी भाड्याच्या पिक्चरचे पैसे वेगळे पडतात, हे माहीत नसल्यामुळे आमच्याकडे एकदा भांडण झालेलं आहे. नेटफ्लिक्सवर भाडं हा प्रकारच नाही, तिथे घ्या तर सगळं घ्या. नियम बहुतेक ठिकाणी सारखेच: पैसे भरल्यापासून ३० दिवसांत सुरू करायचा, आणि एकदा प्ले दाबलं की साधारण ४८ तासांत संपवायचा. त्या ४८ तासांत कितीही वेळा बघा.

हे ४८ तास म्हणजे कागदावर भरपूर वाटतात. आता बाबांची गोष्ट ऐका.

शुक्रवारी रात्री ९:४० ला बाबांसाठी एक जुना, पावणेतीन तासांच्या वरचा पिक्चर लावला. अर्ध्या तासात बाबा खुर्चीत झोपले. शनिवारी पाहुणे. रविवारी दुपारी परत थोडा बघितला, परत झोपले. संध्याकाळी सव्वाआठला ताजेतवाने होऊन बसले आणि म्हणाले आता संपवूनच उठणार, आणि खरंच छान बघत होते, ९:३३ ला फोन आला म्हणून पॉज केलं, फोनवर बोलून ९:४२ ला परत आले तर स्क्रीनवर पिक्चरच्या जागी परत भाड्याचं बटण. बावीस मिनिटं बाकी होती.

‘कुठं गेला?’
‘मुदत संपली बाबा.’
‘मुदत? आपण काय एफडी केली होती?’

बावीस मिनिटांसाठी परत पूर्ण भाडं भरलं. आणि बाबांनी काय करावं, पैसे परत भरलेच आहेत तर म्हणून पहिल्यापासून लावला. वहीत ती नोंद अजून आहे, समोर नवऱ्याने उद्गारचिन्ह काढलंय.

यावरून एक आठवलं. कॅसेटच्या जमान्यात उशीर झाला तर दंड बसायचा, पण कॅसेट घरातच असायची, दंड भरायची तयारी असेल तर शेवट बघूनच परत करता यायची. आता दंड नाही, थेट कुलूप. नेटफ्लिक्सने १९९८ साली पोस्टाने डीव्हीडी पाठवायला सुरुवात केली आणि १९९९ ला महिन्याची वर्गणी आणली, तेव्हा त्यांचं मोठं आकर्षणच हे होतं की लेट फी नाही, डिस्क हवी तितके दिवस ठेवा. ऑनलाइन बघायची सोय २००७ ला आली आणि शेवटची डिस्क गेली २९ सप्टेंबर २०२३ ला. तिकडे अमेरिकेत रेडबॉक्सची ती लाल मशिनं होती, दिवसाच्या हिशोबाने डिस्क द्यायची, ती कंपनीसुद्धा २०२४ ला दिवाळखोरीत निघाली. म्हणजे झोपाळू माणसाला सोयीची भाड्याची पद्धत जवळजवळ संपलीच म्हणा.

आता वर्गणीवाले चार महिने. वहीत दोन रकाने होते, सुरू केले आणि संपवले. सुरू केलेले पिक्चर ३१, संपवलेले ९. मला वाटलं मी मोजायला चुकले, परत मोजलं, ९ च. सिरियल यात धरलेल्या नाहीत, फक्त पिक्चर. १६ भागिले ९, म्हणजे एक पूर्ण बघितलेला पिक्चर पावणेदोन भाड्यांना पडला. तरी वर्गणी स्वस्त वाटत राहते कारण ती कापली गेलेली दिसत नाही आणि ‘एवढं सगळं’ समोर दिसत असतं.

एका शनिवारी मी मुद्दाम घड्याळ लावून बघितलं. टीव्ही चालू केल्यापासून एखाद्या पिक्चरवर खरोखर प्ले दाबेपर्यंत ४७ मिनिटं गेली. त्यात तीन ट्रेलर, एक ‘हा कालच कुणीतरी चांगला म्हणत होतं’, एक ‘नको, याचा शेवट रडका आहे’, दोन ॲप उघडबंद, चिरंजीवांनी एकदा रिमोट पळवला, आणि शेवटी लावलं काय तर आधी चार वेळा बघितलेला विनोदी पिक्चर, तोही अर्धा. जेवण मात्र पूर्ण झालं. हे आमच्याच घरी होतं असं नसावं.

भाड्याच्या महिन्यांत हे शोधाशोधीचं प्रकरण जवळजवळ बंद झालं, कारण पैसे भरायच्या आधीच ठरवावं लागतं. गुरुवारी-शुक्रवारी चर्चा व्हायची, कधी तावातावाने, पण एकदा घेतला की घेतला. आणि पैसे मोजलेले असले की माणूस फोन बाजूला ठेवून बघतो हे मी माझ्या नवऱ्याच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. चार महिन्यांत १३ वेळा भाडं भरलं. त्यात एक बाबांचं दुसऱ्यांदा भरलेलं, म्हणजे वेगवेगळे पिक्चर १२. त्यातला एक ३० दिवस तसाच पडून राहिला आणि न बघता गेला (माझाच, गंभीर विषयावरचा होता, रोज वाटायचं आज मूड नाही). बाकी ११ पूर्ण बघितले. तोटा एकच, दोन अत्यंत रटाळ पिक्चर निव्वळ पैसे वसूल व्हावेत म्हणून शेवटपर्यंत बघितले, वर्गणीवर असते तर दहाव्या मिनिटाला बंद केले असते.

१३ पैकी २ नवे कोरे होते, त्यांचं भाडं दुप्पट. थिएटरमधून नुकताच उतरलेला पिक्चर आधी महाग भाड्याने येतो, मग काही आठवड्यांनी भाडं उतरतं, मग बरेचदा तो कुठल्यातरी वर्गणीत जाऊन बसतो. थांबायची तयारी असेल तर थांबाच. तर ११ चे ११ आणि २ चे ४, एकूण १५. एका पिक्चरला साधारण १.३६. पावणेदोनपेक्षा बरं.

पण थांबा, खरा हिशोब इथे संपत नाही. सातव्या महिन्यात चिरंजीवांच्या कार्टूनने घर डोक्यावर घेतलं. मुलांचं बघणं भाड्यात बसतच नाही, एकच भाग तीस वेळा बघायचा असतो त्यांना. शेवटी एका ठिकाणचा जाहिरातीवाला स्वस्त प्लॅन घेतला, महिन्याला १ भाडं, दोन महिन्यांचे २. म्हणजे झाले १७. एवढा खटाटोप करून, वही ठेवून, घरात भाषणं देऊन, एकूण एक भाडं जास्तच गेलं! नवऱ्याने हे वाक्य गेल्या महिन्याभरात किती वेळा ऐकवलंय ते मात्र मोजलेलं नाही.

तरी मी भाड्याच्याच बाजूची आहे, कारण पैसे तेवढेच गेले आणि पिक्चर मात्र बघून झाले. पण ज्या घरात लहान मुलं आहेत किंवा सिरियल बघितल्या जातात तिथे नुसत्या भाड्यावर राहणं अवघड, हे सरळ मान्य.

आता कटकटी, आणि त्या बऱ्याच आहेत.

पहिली कटकट अकाउंटची. पहिल्याच वेळी मी माझ्या फोनवरून भाडं भरलं आणि टीव्हीवर नवऱ्याचं अकाउंट, पिक्चर दिसेचना. विकत घेतलेले पिक्चर ॲपल आणि गूगल दोन्हीकडे फॅमिलीत शेअर होतात, भाड्याचे होत नाहीत. तेव्हा टीव्हीवर जे अकाउंट आहे त्यावरूनच पैसे भरायचे, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

दुसरी, क्वालिटी. एचडीचं भाडं भरून जुन्या टॅबवर लावला तर चित्र धुरकट. मला वाटलं नेट गंडलंय, राउटर तीन वेळा बंद-चालू केला. नंतर कळलं की अँड्रॉइडमध्ये वाइडवाइन नावाची कॉपी-सुरक्षा असते, तिची एल१ पातळी असेल तर एचडी मिळतं, नुसती एल३ असेल तर बहुतेक ॲप एसडीवरच, म्हणजे एचडीपेक्षा कमी स्पष्ट चित्रावरच, अडवतात. आमचा टॅब एल३ निघाला. म्हणजे पैसे एचडीचे आणि चित्र एसडीचं, आणि पैसे भरताना त्या सेवेने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. यूट्यूबवर एसडी आणि एचडीचं भाडं वेगवेगळं असू शकतं, त्यामुळे छोट्या स्क्रीनवरच बघायचा असेल तर एसडी घ्या. ॲपलकडे फोरके (एचडीपेक्षाही स्पष्ट चित्र) असेल तर त्याचे जास्तीचे पैसे घेत नाहीत, ही गोष्ट आवडली.

तिसरी गंमत प्रोजेक्टरची. दिराकडून जुना प्रोजेक्टर आणला, लॅपटॉपला केबल लावली, दिवे घालवले, सगळे गादीवर बसले, आणि आवाज येतोय पण पडदा काळा. केबल बदलली, तरी काळा. कारण एचडीसीपी. लॅपटॉप आणि पडदा दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची असते, जुन्या प्रोजेक्टरला ती येत नाही. चिरंजीव म्हणाले रेडिओवरचा पिक्चर आहे. आणि ४८ तासांचं घड्याळ सुरू झालं होतं ते झालंच. भाड्याचं काही नव्या उपकरणावर लावणार असाल तर आधी फुकटचा ट्रेलर नका लावू, तो चालतोच, त्याच्यावरून काही कळत नाही.

चुकीच्या भाषेचा पिक्चरही एकदा घेतला. एकाच नावाच्या दोन नोंदी होत्या, मूळ आणि डब केलेला, पोस्टर सारखंच. पण प्ले दाबलं नव्हतं, म्हणून मदतवाल्यांना लिहिलं आणि दोन दिवसांत पैसे परत आले. वरच्या १३ मध्ये हा धरलेला नाही. तेव्हापासून पैसे भरल्यावर आधी भाषा आणि सबटायटल वाचते, मगच प्ले.

डेटाचंही बघा, विशेषतः मोबाइलच्या नेटवर बघत असाल तर. नेटफ्लिक्सच स्वतः सांगतं की एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोरकेला ७ जीबीपर्यंत लागतात. इतरांचं थोडं इकडेतिकडे, पण अंदाज येतो. नेट मोजून वापरावं लागत असेल तर हेही भाड्यातच धरायला हवं.

अजून एक, भाडं भरायच्या आधी जस्टवॉच या वेबसाइटवर पिक्चरचं नाव टाकून बघायची सवय लावा, तुमच्या देशात तो कुठे वर्गणीत आहे, कुठे भाड्याने, कुठे जाहिरातींसकट फुकट, सगळं एका ठिकाणी दिसतं. मी हे तिसऱ्या महिन्यात शिकले असते तर बरं झालं असतं, सहाव्यात शिकले, तोपर्यंत एक पिक्चर भाड्याने घेऊन झाला होता जो दुसरीकडे फुकट होता.

बाबांसाठी मात्र आता भाडं बंद. त्यांचे आवडते दोन-तीन पिक्चर सरळ ‘विकत’ घेतले, साधारण तीन भाड्यांना एक पडला, आता झोपा किती झोपायचं ते. विकत हा शब्द अवतरणात टाकला कारण घेतो ते खरं तर फक्त लायसन्स, दुकानाकडचे हक्क गेले तर पिक्चर जाऊ शकतो. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच लागू झालाय की लायसन्स विकत असाल तर ‘बाय’ लिहिताना ते स्पष्ट सांगा. बाबांना हे समजावून सांगायच्या फंदात मी पडले नाही.

सध्या कार्टूनचा स्वस्त प्लॅन चालू आहे आणि बाकी सगळं भाड्याने. तो गंभीर विषयावरचा पिक्चर मी परत घेतलाय. आज सव्विसावा दिवस, अजून प्ले दाबलेलं नाही.