जाड मुलामा सांगून पातळ माल: पिस्तुलाच्या बुलेट घेताना झालेली फसवणूक

टेक्सासमधल्या एका गन शोमध्ये (बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात) मला ‘जाड मुलाम्याच्या’ म्हणून ज्या बुलेट (काडतुसाच्या टोकाचा, नळीतून उडणारा भाग) विकल्या गेल्या, त्यांच्यावर तांब्याचा नुसता पापुद्रा होता. अमेरिकेत राहणारे आणि नेमबाजीच्या मॅचसाठी घरी काडतुसं भरणारे माझ्या ओळखीचे काही मराठी लोक आहेत. तसाच माल त्यांच्या गळ्यात पडू नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलासाठी कोटेड घ्याव्यात की प्लेटेड, हा माझा प्रश्न होता. कोटेड म्हणजे शिशाची ओतीव बुलेट, तिच्यावर भट्टीत भाजून पक्का केलेला रंगीत पॉलिमरचा थर. प्लेटेड म्हणजे मऊ शिशाचा गाभा आणि त्यावर विजेच्या प्रक्रियेने चढवलेला तांब्याचा मुलामा. तिसऱ्या प्रकारच्या, जॅकेटेड बुलेटचं कवच वेगळं घडवलेलं असतं, मुलाम्याच्या कितीतरी पट जाड, आणि किंमतही तशीच. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या मॅचमध्ये मायनर, म्हणजे कमी जोराच्या गटाला १२५ पॉवर फॅक्टर (बुलेटचं वजन गुणिले वेग, भागिले १०००) लागतो. १२४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) बुलेट सेकंदाला १०१० फूट वेगाने गेली की तो भरतो. एवढ्या वेगाला चांगली कोटेड बुलेट अगदी पुरेशी आहे. पण माझ्या पिस्तुलाची नळी पॉलिगोनल आहे, म्हणजे आतून धारदार खाचांऐवजी गोलसर कडांची, आणि ग्लॉकसारखे उत्पादक अशा नळीतून उघडं शिसं मारू नका असं बजावतात. कोटिंग कच्चं निघालं तर काय, ही धास्ती होती.

विक्रेत्याने नेमकी हीच धास्ती हेरली. “कोटेडच्या नादी लागू नका. हा माल जाड मुलाम्याचा आहे, जॅकेटेडच्या वेगाने मारा,” असं तो म्हणाला, आणि मधोमध कापलेली एक बुलेट त्याने हातावर ठेवली. कडेला तांब्याची ठसठशीत जाड रेघ दिसत होती. भाव कोटेडपेक्षा थोडाच जास्त. पैसे मात्र रोख, आणि पावती नाही.

रेंजवर नेल्यावर टार्गेटवरची भोकं गोल पडण्याऐवजी लांबट पडू लागली. म्हणजे बुलेट आडवी होऊन लागत होती. नळीत राखाडी शिसं चिकटलं. मी मारणं तिथेच थांबवलं, कारण मुलामा सुटून त्याचा तुकडा नळीत अडकला आणि मागून दुसरी गोळी आली, तर नळी फुगते आणि हाताला, डोळ्यांना इजा होऊ शकते. इथे नुसत्या पैशांचा प्रश्न राहत नाही. पैशांपेक्षा याचा संताप मला जास्त आला.

घरी येऊन भरलेल्या काडतुसांमधल्या काही बुलेट पुलर नावाच्या अवजाराने काढल्या. केसचं, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याचं, तोंड जिथे टेपर क्रिंपने (बुलेटभोवती किंचित आवळून) दाबलं होतं, तिथे मुलामा कापला जाऊन शिसं उघडं पडलं होतं. त्याच डायवर (काडतूस भरायच्या साच्यावर), काही न बदलता, नावाजलेल्या उत्पादकाच्या प्लेटेड बुलेट भरून पुन्हा काढल्या. त्यांच्यावर फक्त पुसटशी खूण होती. म्हणजे दोष क्रिंपचा नव्हता. मग कानशीने एक बुलेट घासली. दोन-चार हातांतच शिसं दिसलं.

आणि तो कापलेला नमुना? टेबलावर काढलेला त्याचा फोटो मोठा करून पाहिला, तर बुडाशी शिसं उघडं होतं. प्लेटेड बुलेटला तांबं सगळीकडून असतं, बुडालाही. साध्या फुल मेटल जॅकेट, म्हणजे जॅकेटेड बुलेटचं बूड मात्र बहुधा उघडं असतं. त्याने जॅकेटेड बुलेट कापून दाखवली होती आणि डब्यात भरला होता वेगळाच माल. नमुन्याच्या जागी डब्यातली कुठलीही एक बुलेट आपल्यासमोर कापायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

त्याने दिलेला फोन लागला नाही. आयोजकांनी हा दोघांमधला व्यवहार आहे एवढंच सांगितलं.

साधा प्लेटेड माल वाईट नसतो. बरेच उत्पादक त्याला सेकंदाला साधारण १२०० ते १२५० फुटांची मर्यादा स्वतःच सांगतात. जो मर्यादा सांगतच नाही, त्याच्याबद्दल मला आता शंका येते. कोटेडमध्येही लबाडी चालते, कारण घरच्या भट्टीत अर्धवट भाजलेला माल रंगाने तितकाच देखणा दिसतो. अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कागदाने जोरात पुसा. कागदावर भरपूर रंग उतरला तर भाजणं कच्चं आहे. एक बुलेट हातोडीने चपटी करा. थर पापुद्र्यासारखा सुटता कामा नये. मी शेवटी याच दोन कसोट्या लावून कोटेड घेतल्या आणि नळी स्वच्छ राहते आहे.

इंटरनेटवर तर याहून वाईट. २०२० च्या टंचाईनंतर प्रायमर (काडतुसाला ठिणगी देणारी छोटी टोपी) आणि पावडर (बंदुकीची दारू) विकणाऱ्या बनावट साइट्स बोकाळल्या. खऱ्या दुकानाचं नाव-चित्र उचललेलं, भाव निम्मा, कार्ड चालत नाही, फक्त झेल (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) किंवा क्रिप्टो. प्रायमर-पावडर घरपोच पाठवायला एरवी हॅझमॅटचं, म्हणजे धोकादायक मालाचं, वेगळं शुल्क लागतं. भाव निम्मा असून त्या शुल्काचा उल्लेखही नसेल तर सावध व्हा. पैसे गेलेच तर एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार-केंद्रावर आणि एफटीसी या ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे तक्रार नोंदवा, आणि बँकेला त्याच दिवशी कळवा.

भारतातल्या वाचकांनी यातलं काहीही घरी करू नये. तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं तयार करणं गुन्हा आहे.